डावीकडचं तिसरं बाक

१

ताईला राग यायला कारण लागत नाही, असं घरात सगळे म्हणत. हे साफ खोटं होतं. कारणं ढिगानं होती, ती ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती, एवढंच.

या वेळचं कारण बुधवारी सकाळी साडेनऊला टेबलावर येऊन पडलं. धाकट्या भावाच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत ताईचं बुकबाइंडिंगचं काम चाले. पुढे भाऊ लोकांना 'हनुवटी थोडी वर' म्हणत पासपोर्टचे फोटो काढायचा आणि मागे ताई खळ ढवळायची, पुठ्ठे कापायची, शिवलेल्या पानांवर लोखंडी वजनं ठेवायची. वीस वर्षं हेच चाललं होतं. मधल्या दाराला पडदा होता. भाऊ त्या पडद्यातून फक्त हात आत घालून काम द्यायचा. तोंड दाखवलं तर ऐकून घ्यावं लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"ताई, अल्बम बांधायचाय. शनिवारपर्यंत हवाय हं."

"कोणत्या शनिवारपर्यंत?"

"याच."

"आणि हे तुला आज सुचलं?"

हात गायब झाला. टेबलावर जुन्या पोस्टकार्डांचं पाकीट उरलं.

चौकातल्या मोठ्या चर्चला दीडशे वर्षं होत होती. त्याची पहिली पोस्टकार्डं ताईच्या पणजोबांनी काढली, मग आजोबांनी, मग बाबांनी. म्हणून उत्सव समितीला या घराण्याच्या कार्डांचा अल्बम हवा होता. बाहेरून काढलेली कार्डं घरातच होती. आतून काढलेली चार मात्र चार नातेवाइकांकडे चार दिशांना गेली होती. ती भावाने फोन करकरून, गोड बोलबोलून गोळा केली होती. गोड बोलणं त्याला जमायचं. ताईच्या वाट्याला ते आलंच नव्हतं.

तिने आतली चार कार्डं तारखेप्रमाणे एका ओळीत लावली. आजवर ती अशी शेजारी शेजारी कुणी ठेवलीच नव्हती.

चारही कार्डं एकाच जागेवरून काढलेली होती, मागच्या बाजूच्या उंच सज्ज्यावरून. खाली बाकांच्या दोन रांगा, मधून वाट, समोर वेदी. चर्च रिकामं. जुन्या कार्डांवर चर्चं रिकामीच दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, काय ही शांतता! शांतता कसली? आतल्या अंधारात कॅमेऱ्यातली काच, म्हणजे तेव्हाची फिल्म, नऊ-नऊ मिनिटं उघडी ठेवावी लागायची. त्या वेळात मधून शंभर माणसं चालत गेली तरी काचेला पत्ता लागत नसे. जो हलला तो उमटलाच नाही. मग चर्च केवढं मोठं ते कळावं म्हणून या घराण्यात एका मुलाला बाकावर बसवायची रीत पडली. डावीकडचं तिसरं बाक, तोंड वेदीकडे, पाठ कॅमेऱ्याकडे. नऊ मिनिटं हलायचं नाही.

पहिल्या कार्डावर एक पाठ होती. केसांना मोठी रिबीन बांधलेली मुलगी, आजोबांची बहीण. ताईने भिंग सरकवलं. दुसऱ्या कार्डावर दोन पाठी होत्या. तिसऱ्यावर तीन.

चौथ्यावर चार.

ताईने भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. चौथं कार्ड बाबांनी काढलं तेव्हा ती स्वतः तिथे हजर होती. बाकावर तिची धाकटी बहीण एकटी बसली होती. मोठ्या दाराला आतून कडी होती आणि बाजूच्या दारात ताई स्वतः, दुसरं पोर आत यायची सोयच नव्हती. पण कार्डावर धाकटीच्या पलीकडे ओळीनं तीन पाठी होत्या. शेवटची ती रिबीनवाली, सत्तर वर्षांनीही रिबिनीची गाठ तशीच.

आणि धाकटीच्या अलीकडे, वाटेला लागून असलेली बाकाची कडेची जागा मोकळी होती. त्या जागेवर धाकटीने उजव्या हाताचा पंजा पालथा टेकला होता, पाची बोटं पसरून.

शाळेच्या गाडीत ती असाच हात ठेवायची. कुणी बसायला आलं की म्हणायची, "इथं माझी ताई बसणारेय."

२

"काच दोनदा वापरली असेल," भाऊ म्हणाला. "जुन्या काचेवर नवं उमटतं कधीकधी. पणजोबा चिकट होते गं, काच टाकून द्यायचे नाहीत."

"पणजोबांची काच बाबांकडे कशी आली? आणि आलीच तर बाकं दोनदा दिसायला नकोत? फक्त पोरंच बरी दोनदा उमटली!"

"मग सावल्या असतील."

"सावलीला रिबीन असते?"

भाऊ हसला. तो हसला की ताईच्या डोक्यात तिडीक जायची. तिने त्याच्या पुढ्यातली वंशावळ ओढून घेतली. समितीच्या पुस्तिकेसाठी त्याने ती मोठ्या हौसेनं काढली होती, फांद्या, पानं, सगळी नक्षी. प्रत्येक पिढीत एखाद-दुसरी फांदी तोकडी होती. तिथे भावाने सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'लहानपणी वारली'.

"ही बाकावर बसलेली. ही पण. ही पण आणि आपली धाकटी पण. तुला यात काही दिसत नाही?"

"तेव्हा पोरं जायचीच, ताई. औषधं होती कुठं?"

"धाकटीच्या वेळी होती. तू पाळण्यात होतास, तुला काय माहीत?"

भावाला खरंच माहीत नव्हतं आणि घरात ते कुणी बोलायचंही नाही. त्या फोटोनंतर धाकटी जिथे बसवावी तिथे बसून राहायची. खुर्चीत बसवलं की खुर्चीत, पायरीवर बसवलं की पायरीवर. भरवलं तर खायची, उठवलं तर चालायची. डॉक्टरांनी तीन वेगवेगळी नावं सांगितली. सव्वा वर्षानं एका दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसल्या बसल्या ती गेली. गेली हे आईला ताटं उचलताना कळलं, इतकी ती आधीपासूनच स्थिर होती.

"बरं, ते असो," भाऊ म्हणाला आणि नजर चुकवली. तेव्हाच ताईने ओळखलं की खरी गोष्ट अजून यायचीय. "समितीला पाचवं कार्ड हवंय. पणजोबांच्याच कॅमेऱ्यावर, त्याच जागेवरून, तसंच. शनिवारी चारला काढतोय. भिंगरी बसेल."

भिंगरी म्हणजे भावाची नऊ वर्षांची मुलगी. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, ते शाळेशिवाय कुणी घेत नसे. जेवताना एक पाय खुर्चीवर आणि एक दारात. गोष्ट ऐकताना स्वतःभोवती गिरक्या. तिचं कातडी बूट झिजवणं हा घरातला कायमचा विनोद होता. अख्ख्या घरात ताईच्या खोलीचा पडदा सरकवून ती एकटी आत यायची, खळीत बोट बुडवायची, ओरडा खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

"भिंगरी बसणार नाही," ताई म्हणाली.

"बसेल. मी सांगितलंय तिला, नऊ मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"मी म्हणतेय, तिला त्या बाकावर बसवायचं नाही. कळतंय का? नाहीतर तुझा कॅमेरा सज्ज्यावरून खाली फेकीन, आणि त्याच्यामागून तुला."

"बघ! म्हणून तुला कुणी काही सांगत नाही, ताई. घरात आग्या वेताळ आहेस तू."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते ताईला रोजच कळायचं, पण त्या दिवशी ती आग तिथेच थांबली. भावाच्या मागे, शोकेसच्या काचेत स्वतःचा चेहरा तिला दिसला. ओठ आवळलेले, भुवया जुळलेल्या. बाबा हुबेहूब असेच दिसायचे.

३

गुरुवारी दुपारी ती चर्चमध्ये गेली. बाजूचं छोटं दार उघडं होतं. राखणदार म्हातारा ठार बहिरा होता, पण ओठांवरून ओळखायचा. फडकं घेऊन तो डावीकडची बाकं पुसत होता. तिसरं बाक वगळून तो चौथ्याकडे वळला.

"ते राहिलं," ताई त्याच्यासमोर येऊन म्हणाली.

"त्याला लागत नाही," बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं तो म्हणाला. "धूळच बसत नाही त्याच्यावर. कडेची तेवढी वीतभर जागा पुसतो." त्याने बाकाचं वाटेकडचं टोक दाखवलं. "तिथं बसते धूळ."

ताई वाकली. बाकाची फळी चकचकीत होती. रोज कुणी बसतं तेव्हा लाकूड असं गुळगुळीत होतं. चार जागांपुरती ती झळाळी होती, मग एकदम थांबली होती, आणि टोकाची जागा जुन्या वॉर्निशची, कोरडी, मळकट. त्या कोरड्या जागेवर धुळीत पाच बारीक रेघा होत्या, पसरलेल्या बोटांसारख्या.

लाकडाची चीर असेल, ताई स्वतःला म्हणाली. लाकूड चिरतं. एकाच जागी पाच वेळा चिरतं का, असं विचारायला तिथे कुणी नव्हतं, आणि तिनेही ते स्वतःला विचारलं नाही. ती ताडताड चालत बाहेर आली आणि बाजूच्या दारात थांबली. नेमकी याच जागी ती अकरा वर्षांची असताना उभी होती.

त्या दिवशी बाकावर आधी तिलाच बसवलं होतं. ती दोनदा हलली. एकदा नाक खाजलं, एकदा उगाच. दोन काचा वाया गेल्या. बाबा सज्ज्यावरून धाडधाड जिना उतरून आले. "एक मिनिट नीट बसता येत नाही का?" म्हणाले आणि गालावर अशी ठेवून दिली की कानात शिट्टी वाजली. मग सहा वर्षांच्या धाकटीला त्यांनी उचलून तिथे बसवलं.

चर्चमध्ये ओरडायचं नाही, असा बाबांचा दंडक होता. सज्ज्यावरचा माणूस हाक मारणार नाही, बाकावरच्याला मागचं दिसणार नाही, म्हणून घराण्यात आणखी एक रीत होती. दुसरं मूल बाजूच्या दारात उभं राहायचं. वरून रुमाल हलला की त्याने बाकापाशी जाऊन 'झालं' म्हणायचं. बाबा धाकटीला म्हणाले, "ताई येऊन 'झालं' म्हणेपर्यंत हलायचं नाही." ती हुशारीनं मान हलवून म्हणाली, "आता ही शेवटची हलले."

नऊ मिनिटांनी रुमाल हलला. ताईने तो बघितला. गाल ठणकत होता. तिने रुमाल नीट बघितला आणि ती घरी निघून गेली.

बाबांनी सामान आवरलं, खाली बघितलंच नाही, त्यांना वाटलं पोरी पुढे गेल्या. संध्याकाळी कुलूप लावताना तेव्हाच्या राखणदाराला धाकटी सापडली. तो तिला उचलून घरी घेऊन आला तेव्हा तिचे गुडघे बसल्यासारखेच वाकलेले होते. ताईने सांगितलं, "मला रुमाल दिसलाच नाही." त्यानंतर सव्वा वर्ष ती धाकटीसमोरून ये-जा करत होती. एक शब्द म्हणायचा होता. पण तो म्हटला असता तर रुमाल दिसला होता हे कबूल झालं असतं. बाबांवरचा राग, स्वतःवरचा राग, कुठला कुठला हे पुढे तिचं तिलाच कळेनासं झालं. एवढं मात्र खरं की ती कधी एका जागी स्वस्थ बसली नाही.

आणि त्या आधीच्या तिघी? त्यांच्याही वेळी या दारात कुणीतरी गाल फुगवून उभं असेल का? रागाच्या बाबतीत घराणं मोठं जुनं होतं.

४

शनिवारी सकाळी साडेदहाला ताई दुकानावर आली तर शटर खाली. वर कागद: 'दुपारी उघडेल'. मागच्या दारानं आत बघितलं तर कोपऱ्यातली कॅमेऱ्याची लाकडी तिवई जागेवर नव्हती.

चार वाजता म्हणाला होता. चार!

ताई धावली. बावन्नाव्या वर्षी, चपलेचा अंगठा तुटलेला, रस्त्यावरच्या माणसांना कोपरानं बाजूला सारत. धावताना ती भावाला मोठमोठ्यानं शिव्या देत होती आणि लोक वळून बघत होते. तोंडावर खोटं बोलला. सख्खा भाऊ. गोड बोलून.

बाजूच्या दारातून ती आत शिरली. वर सज्ज्यावर काळं कापड, पितळी कडीतलं भिंग, भिंगावरची टोपी काढलेली. भावाने तिला बघून ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने घड्याळ दाखवलं. चार बोटं. चार मिनिटं राहिली.

खाली, डावीकडच्या तिसऱ्या बाकाच्या टोकाला, भिंगरीची पाठ होती. ताठ. वेण्यांची टोकंसुद्धा हलत नव्हती. दोन घास सलग एका जागी न खाणारी पोर!

ताईला वाटलं, आपल्याला चक्कर येईल. मग राग आला आणि त्याने तिला उभं धरलं. ती सरळ मधल्या वाटेनं, कॅमेऱ्याच्या पुढ्यातून, तुटकी चप्पल फटफट आपटत चालत गेली. वरून भाऊ दबक्या आवाजात "ताई! ताई!" करत होता. बाकापाशी पोचून तिने भिंगरीचा दंड धरला आणि बाबांचा दंडक मोडून, सगळं चर्च घुमेल अशी ती ओरडली,

"झालं! ऊठ, भिंगरे! झालं!"

भिंगरीने डोळे मिचकावले. "संपलं? पायाला मुंग्या आल्यात, आत्या." ती उठली. बाक करकरलं.

मग ते पुन्हा करकरलं.

बाकाच्या पार पलीकडच्या टोकाला, जिथे कुणी नव्हतं तिथे, लाकडावरचा भार उतरल्यासारखा आवाज आला. मग अलीकडे दुसरा. मग तिसरा. प्रत्येक आवाजाआधी थोडा वेळ जात होता, खूप वेळ बसलेल्या माणसाला उठायला लागतो तेवढा. त्यानंतर फरशीवर अगदी हलकी पावलं, मोजता येऊ नयेत अशी. ती त्यांच्याजवळून दाराकडे गेली तेव्हा भिंगरीच्या वेण्या किंचित उडाल्या.

ताई चौथ्या आवाजाची वाट बघत राहिली. तो आला नाही.

"आत्या," भिंगरी तिच्या कानाशी कुजबुजली, "मी थोडीशी हलले. बाबाला सांगू नकोस. मला ना, कुणीतरी सारखं ढकलत होतं."

५

त्या दुपारी भाऊ आयुष्यात पहिल्यांदा ताईवर ओरडला. उत्सवाचं वाटोळं केलंस म्हणाला, समितीला काय तोंड दाखवू म्हणाला, तुझ्यामुळे घरात कुणाला धड श्वास घेता येत नाही म्हणाला. ताईने एका एका वाक्याला दोन दोन परत केली. वहिनीने शेवटी भिंगरीला बाहेर नेलं. मग भाऊ दार आपटून अंधाऱ्या खोलीत गेला. तो काच धुऊन, छाप काढून बाहेर आला. त्याने ओला कागद ताईच्या टेबलावर ठेवला. या वेळी पडद्यातून फक्त हात आला नाही, तो सगळा आला.

ताई अर्थातच उमटली नव्हती. ती चालत होती. भिंगरी अर्धवट उमटली होती, टोकाच्या जागेवर दुधावरच्या सायीसारखी पुसट, आणि एका बाजूला झुकलेली. पलीकडच्या तीन जागा रिकाम्या होत्या.

चौथी पाठ जागेवर होती. काठ कापून काढल्यासारखे स्वच्छ, इतकी ती स्थिर होती. तिचा उजवा हात पुसट भिंगरीच्या आरपार जाऊन बाकावर टेकला होता, बोटं पसरून.

"हे कोण आहे, ताई?" भावाने विचारलं.

"तुझी बहीण आहे," ताई म्हणाली. "मी 'झालं' म्हणाले, पण ते भिंगरीला म्हणाले. तिला सांगितलं होतं, ताई येऊन तुला सांगेल. फार ऐकणारी होती ती. चुलीत गेलं तिचं ते ऐकणं!"

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताई भावासमोर रडली. रडतानाही ती रागातच होती, वजनं टेबलावर आदळत होती.

६

सोमवारी दुपारी शाळा सुटल्यावर भिंगरी चर्चच्या फाटकाशी दत्त म्हणून उभी. ताई तिथे येणार हे तिने कुठून हेरलं होतं कोण जाणे.

"घरी जा," ताई म्हणाली.

"मला सगळं माहितेय. बाबा आईला सांगत होता, मी ऐकलं. तू आत जाऊन बसणार आणि तिला सांगणार. मग तुला कोण सांगणार, आत्या?"

ताईला हे सुचलंच नव्हतं. म्हणजे सुचलं होतं, पण तिने ते झटकून टाकलं होतं. मोठी बाई आहे, बसली तशी उठेल. वर कॅमेरा नाही, टोपी नाही, काच नाही. एक शब्द म्हणायचा, घरी यायचं. भाऊ दोन दिवस तोंड लपवून होता, राखणदाराला ऐकू येत नव्हतं. भिंगरीला आत पाऊल टाकू द्यायचं नाही, एवढं मात्र तिने मनाशी ठरवलं होतं, आणि दाराबाहेर ऊन होतं, पायरी होती.

"उंबऱ्याच्या आत यायचं नाही. इथंच, पायरीवर. शंभरपर्यंत मोज आणि मग जोरात ओरड. काय ओरडायचं?"

"झालं!"

"शाबास."

ती मधल्या वाटेपर्यंत गेली नाही तोच मागे टकटक सुरू झाली. भिंगरी पायरीवर गिरक्या घेत होती, बुटांच्या टाचा दगडावर वाजत होत्या. बारा, तेरा, चौदा, टक, टक. त्या आवाजाने ताईच्या छातीत धस्स झालं, आणि धस्स झालं की तिच्यात जे व्हायचं तेच झालं. ती गर्रकन वळली.

"एक मिनिट नीट उभं राहता येत नाही का?"

चर्चभर ते घुमलं. शब्द बाबांचे होते, आवाजसुद्धा त्यांचाच होता. भिंगरी जागच्या जागी थांबली. तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, गाल फुगले. ताईला पुढे होऊन तिला जवळ घ्यायचं होतं. पण हे पहिलं उरकू दे, मग घेऊ, असं तिने ठरवलं.

ती डावीकडच्या तिसऱ्या बाकापाशी आली आणि टोकाच्या जागेवर बसली. जागा तिच्या मापाची नव्हती, लहान मुलीच्या मापाची होती, तरी ती मावली. डाव्या बाजूला दंडाशी गारवा होता. तिने मान वळवली नाही. वळवायचं धाडस नव्हतं.

"झालं गं," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाली, "मला रुमाल दिसला होता. तेव्हाच दिसला होता. झालं. ऊठ आता."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या मांडीला लागून बाक करकरलं. छोटी पावलं तिच्या गुडघ्यांना घासून वाटेवर आली, एकदा थांबली आणि दाराकडे गेली.

ताईने श्वास सोडला. आता शंभर. ती मनात मोजू लागली. ऐंशी, नव्वद, शंभर.

दारातून काही आलं नाही. बाहेर खडीवर बूट वाजत होते, चौकाच्या दिशेने लांब जात होते. रागावलेल्या पोराची पाय आपटत जाणारी चाल. आणि त्या बुटांच्या बरोबरीनं राहायला धडपडणारी आणखी एक चाल होती, अनवाणी, दुडकी. मग दोन्ही ऐकू येईनाशी झाली.

उठायला हवं, ताईला वाटलं. कुणी धरून ठेवलेलं नाही. असल्या वेळी तिला उठवायचा तो राग, तेवढा आला की ती उठेल. तिने तो शोधला. बाबांच्या जागी शोधला, भावाच्या जागी शोधला, त्या थपडेपाशी जाऊन पाहिलं. कुठेच नव्हता. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला कुणाचाच राग आला नव्हता, आणि ते फार बरं वाटत होतं.

नाक खाजलं. ती हलली नाही.

डावा हात तेवढा आपसूक सरकला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर पालथा टेकला. पाची बोटं पसरली.